पारव्याचं तोंड

सेलूच्या हायस्कूलात भौतिकशास्त्र शिकवणारे माणिक इखार सर एका जागी दहा मिनिटं बसलेले कुणी पाहिले असतील, तर त्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा. शिक्षकांच्या खोलीत ते खुर्चीच्या कडेवर टेकायचे, तेही उठायच्या तयारीनं. जेवताना पाय हलायचा, झोपेत हात हलायचा. आई म्हणायची, पायाला भिंगरी घेऊनच जन्मला. बायको मोहिनी पंचायत समितीत लिपिक. तिचं म्हणणं असं की भिंगरी पायाला असती तर चाललं असतं, यांच्या डोक्याला आहे.

आजवर सर तबला शिकले, अर्धा. मधमाश्या पाळल्या, त्या उडून गेल्या. छतावर दुर्बीण बसवली, ती शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून उतरवली. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी हातात कॅमेरा आला आणि तो मात्र टिकला. रविवारी पहाटे स्कूटर काढायची, बोरच्या जंगलाचं फाटक गाठायचं आणि दुपारी धुळीनं माखून परत यायचं, हा नेम आठ वर्षं चालला. वाघ दिसला तीनदा. सांबर, चितळ, रानकुत्री पुष्कळ. शाळेच्या भिंतीवर त्यांच्या फोटोंची रांग लागली.

आणि मग सरांना सेन्सरचा किडा चावला.

त्यांचा कॅमेरा लहान सेन्सरचा. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली ती चौकोनी पट्टी, जिच्यावर लेन्समधून आलेला उजेड पडून चित्र उमटतं. कुणीतरी त्यांना सांगितलं की मोठा सेन्सर घ्या, पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ येतं, तुमच्या चित्रात रवा पडल्यासारखा दिसतो तो जाईल. झालं. दोन वर्षं घरात दुसरा विषय नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे तक्ता चिकटवला: डावीकडे मोठा, उजवीकडे लहान. शाळेच्या आलेखकागदातून छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा एक तुकडा कापला, साडेतेवीस बाय साडेपंधराचा दुसरा, आणि दोन्ही शर्टाच्या खिशात ठेवले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते तुकडे काढून शेजारच्याच्या ताटाजवळ मांडायचे. शेजारचा बिचारा वरणाची वाट पाहत असायचा.

"एकदाच सांगा मले, काय फरक हाय ते," एका सकाळी मोहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "मंग पुन्हा नका सांगू."

सरांनी तिची लाटलेली पोळीच ओढली. "हे पाह्य. लेन्समधून आत चित्र पडते ते असं गोल. मोठा सेन्सर यातून हा एवढा चौकोन कापते. लहान सेन्सर फक्त मधला तुकडा घेते. समज, पोळीवर मधोमध एक तीळ हाय. तीळ दोन्हीकडे तेवढाच. पन लहान तुकडा ताटभर करून दाखवला, की तीळ जवळ आल्यासारखा वाटते. म्हनून दूरच्या जनावराले लहान बरा. अन् उजेड कमी असला त मोठा बरा, कारन त्याच्यात उजेड जास्त मावते."

"मंग तुमाले काय पाहिजे? दूरचं जनावर का कमी उजेड?"

"दोन्ही," सर म्हणाले. मोहिनीनं पोळी परत घेतली आणि पुन्हा गोळा करून लाटली.

अखेर संक्रांतीच्या आठवड्यात नागपूरहून मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आला. जुना विकायचा ठरलं होतं, पण तो काही सरांच्यानं विकवेना. उद्या पस्तावलो तर? म्हणून दोन्ही राहिले. लांबडी लेन्स मात्र एकच. ती या डब्याला लावा नाहीतर त्या. सर दिवसातून चारदा ती काढायचे आणि चारदा लावायचे. एकदा झाडावरची घार या कॅमेऱ्यानं, लगेच त्यानं. रात्री दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आणि सकाळी मत बदलायचे.

याच आठवड्यात बंडूजी घरी आले.

बंडूजी म्हणजे सेलूबाहेरच्या वस्तीतले शेतकरी, एकसष्ट वर्षांचे, काटक, डोक्याला कायम पांढरा दुपट्टा. शंकरपटातले, म्हणजे बैलांच्या शर्यतीतले, धुरकरी. बैलजोडीच्या हलक्या छकड्यावर बसून ते जोडी अशी पळवायचे की घड्याळवाल्याचा अंगठा चुकावा. मधली काही वर्षं पट बंद होते तेव्हा बंडूजींची कळाच गेली होती. बंदी उठली आणि माणूस पुन्हा उभा राहिला. सरदार आणि पारवा ही त्यांची जोडी घरच्याच गोठ्यात वाढलेली. सरदार तांबूस, पारवा नावाप्रमाणे करड्या अंगाचा.

"मास्तर," बंडूजी म्हणाले, "तुमी त्या वाघाच्या मांगं लय फिरता. एक काम माह्यंबी करा."

"बोला ना जी."

"चाळीस सालं झाले, मी बैलायच्या मांगंच बसतो. मले शेपट्या दिसते, पुठ्ठे दिसते. पटावर पळताना यायचं तोंड कसं होते, थे मी एकबी डाव पाह्यलं नाई. सारं गाव पाह्यते, मीच नाई पाहत. यंदाच्या पटात मले दोघायचंबी तोंड काढून द्या. मोठ्ठं. भितीवर लावाले."

सर उभेच होते, ते आणखी उभे राहिल्यासारखे झाले. पळणारं जनावर, संध्याकाळचा उजेड, दूरचं अंतर! दोन वर्षं ज्या परीक्षेचा अभ्यास केला तिचा पेपरच कुणीतरी घरी आणून दिला होता.

"काढतो ना! असा काढतो का बैलाच्या नाकातला केससुद्धा मोजून घ्याल. नवा कॅमेरा हाय आता, मोठ्या सेन्सरचा. त्याच्यात चुकाचं कामच नाई."

बंडूजी हसले नाहीत. म्हणाले, "घाई काऊन करतो थे सांगतो. दिवाळीनंतर या डाव्या डोयाचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं. दिसते, पन कधी साफ, कधी धुकट. धीरज म्हन्ते बाबा, आता पट सोडा, एखांद्या दिवशी छकड्याखाली याल. मी त्याले शब्द देल्ला. ज्या दिवशी हे दोघं मले साफ दिसनार नाई, त्या दिवशी मी खुद त्याईचं दावं दुसऱ्याच्या हातात देईन. तवरिक नाई."

धीरज हा त्यांचा मुलगा, सेलूच्या बाजारात मोटारपंपाचं दुकान चालवणारा, सरांचाच जुना विद्यार्थी. बापलेकांचा तो करार सरांनी ऐकला, मान हलवली आणि लगेच विसरले. त्यांच्या डोक्यात तेव्हा सायंकाळी साडेपाचचा उजेड मोजणं चालू होतं.

पटाच्या दिवशी सर सकाळी नऊलाच मैदानावर हजर. जोडी सुटायची ते टोक लांब, शेवटचं टोक इकडे. सरांनी शेवटच्या टोकाला, धावपट्टीच्या उजव्या कडेला, लाकडी बल्ल्यांच्या कुंपणाआड जागा धरली. समोरून येणाऱ्या बैलांची तोंडं तिथून दिसणार होती. मोहिनीनं डब्यात भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी दिली होती, ती तशीच राहिली. सर सकाळभर लेन्स बदलत होते. लहान सेन्सर लावून चार जोड्या टिपल्या: बैल लांब असतानाच चौकटभर यायचे, दोन्ही स्पष्ट, पण पडद्यावर मोठं करून पाहिलं की रवा. मग मोठा लावला: चित्र लोण्यासारखं, पण बैल चौकटीत केवढेसे! चौकट भरायची तर जोडी पार जवळ येऊ द्यायला हवी. आणि जवळच्या जनावरावर लांबडी लेन्स पूर्ण उघडून रोखली, की स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम हातभर उरतो. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं धूसर. हे सरांना पाठ होतं. दारामागच्या तक्त्यात सातव्या ओळीवर लिहिलेलं होतं.

उडत्या धुळीत त्यांनी दुपारपर्यंत सहादा लेन्स काढली-लावली. शेजारी उभा असलेला एक पानठेलेवाला म्हणाला, "सर, तुमाले पट पाहाचा हाय का नट-बोल्ट कसाचे हाय?"

बंडूजींच्या जोडीचा शेवटचा फेरा सूर्य तुरीच्या ढिगांमागे उतरल्यावर लागला. लेन्स तेव्हा लहान सेन्सरवर होती. तशी राहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण उजेड उतरला, रव्याचे ते फोटो डोळ्यांपुढे आले. लाउडस्पीकरवर बंडूजींचं नाव पुकारलं आणि सरांनी लेन्स ओढून मोठ्या कॅमेऱ्याला लावली. झेंडी पडली.

नऊ सेकंद. सरांनी श्वास धरला आणि जोडी येऊ दिली. आणखी येऊ दिली. सरदार आणि पारवा चौकट फोडून बाहेर येतील इतके जवळ आले तेव्हा बोट दाबलं. बारा फोटो निघाले. जोडी धुळीचा लोट घेऊन पुढे गेली, लोक आरडले, दुसरा नंबर आला. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर एक फोटो पाहून सर कुंपणावर चढून नाचायचेच बाकी राहिले.

घरी संगणकावर तो उघडला. सरदाराचं तोंड असं आलं होतं की पाहतच राहावं: नाकपुड्या फुललेल्या, जिभेच्या कडेची लाळ हवेत तुटलेली, डोळ्यात अख्खं मैदान. शेजारी पारवा. सर उजव्या कडेला उभे होते, तेव्हा पारवा त्यांच्यापासून तेवढाच अधिक लांब. हातभर पट्टा सरदारावर संपला होता. पारव्याच्या जागी करडा धूर होता, शिंगं असलेला. बाकीच्या अकरांत कुठे धूळ, कुठे नुसतं जू, कुठे बंडूजींचं कोपर.

सर खोलीत फेऱ्या मारू लागले. मोहिनी डोकावली. "हा बैल हलला वाट्टे."

"हलला नाही. त्याले कलात्मक म्हन्ते. मोठ्या सेन्सरची हीच त खुबी हाय."

"बंडूजीनं दोन तोंडं सांगतली होती," ती म्हणाली आणि गेली.

खरं तर त्याच घटकेला उठून बंडूजींकडे जायचं आणि सांगायचं, की बाप्पा, एकच तोंड आलं, माझं चुकलं. पण दोन वर्षं ज्या डब्याचे पोवाडे गायले, त्यानं पहिल्याच दिवशी तोंडघशी पाडलं हे कबूल कसं करायचं? सरांच्या मनात एक विचार आला, आणि तो त्यांनी हाकलला नाही, याची लाज त्यांना पुढे वाटायची होती. विचार असा होता, की म्हाताऱ्याच्या नजरेला काय कळणार आहे? वर्ध्याहून दोन बाय तीन फुटांचा फोटो छापून आणला, चौकट करवली, आणि रविवारी बंडूजींच्या ओसरीवर नेऊन टेकवला.

बंडूजी आधी हात धुवून आले. मग फोटोसमोर मांडी घालून बसले. सरदारापाशी बराच वेळ थांबले. "अरे माह्या राजा," ते हळूच म्हणाले. "असा पयते तू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुपट्ट्यानं पुसून त्यांनी मान डावीकडे वळवली, कारण फोटोत पारवा डाव्या बाजूला होता. पुन्हा डोळे पुसले. पुढे सरकले, मागे झाले. चेहरा उतरत गेला.

"मास्तर, पारवा मले धुकट दिसून राह्यला."

त्यांची बायको कमलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. वाकून म्हणाल्या, "मलेबी तसाच दिसते."

"तुले त चष्मा लावून म्हैस दिसत नाई," बंडूजी म्हणाले. मग सरांकडे पाहिलं. "डाव्या बाजूचाच. अन् डावाच डोया आपरेशनचा. मास्तर, तुमाले साफ दिसते ना?"

इथे सरांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. कपबशी हातात घेऊन सर उभेच राहिले आणि म्हणाले, "उन्हाची तिरीप येऊन राह्यली काचेवर. सावकाश पाहा ना तुमी." चहा तोंड भाजेल असा घटाघटा प्यायले आणि स्कूटर काढली.

सोमवारी सरांनी नववीच्या वर्गात भिंगाचा धडा शिकवायला घेतला आणि अर्ध्यात सोडून विजेचा सुरू केला. मंगळवारी जुना कॅमेरा विकायला काढला, संध्याकाळी नको म्हटलं. नवा विकायला काढला, तेही नको म्हटलं. बुधवारी बंडूजींच्या वस्तीपर्यंत स्कूटर नेली आणि बाभळीपासून वळवली. जाऊन सांगू, सरळ सांगू, असं घोकत निघायचं आणि त्या बाभळीपाशी तोंडात मूग भरायचे. मोहिनीनं विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही. आणि दोन भाकरी खाल्ल्या.

गुरुवारी मधल्या सुट्टीत धीरज शाळेत आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"सर, तुमचे उपकार झाले. दोन वर्ष मी डोकं फोडून राह्यलो, बाबा आयकत नव्हते. तुमच्या फोटोनं काम केलं. खुद म्हन्ले, डावा डोया गेला, जोडी देऊन टाक. तळेगावचे मधुकरराव आज दुपारी याले राह्यले बैल न्याले."

सरांनी पेढा हातात घेतलाच नाही. "आज?"

"हो ना. बाबा मात्र सकायपासून गोठ्यातच बसून हायेत."

सर मुख्याध्यापकांना न सांगता निघाले. शाळेतल्या एकवीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. बाभळीपाशी स्कूटर थांबली नाही.

ओसरीवर तळेगावचे मधुकरराव बसले होते, पांढरं धोतर, मांडीवर नव्या दाव्यांची गुंडाळी. फोटो भिंतीला टेकवलेला. बंडूजी गोठ्याच्या दारात उभे होते, दाढी वाढलेली, चार दिवसांत चार वर्षं म्हातारे झालेले. सर धापा टाकत त्यांच्यापुढे गेले.

"बंडूजी, डावा डोळा झाका. हातानं झाका."

"कायले जी आता?"

"झाका म्हन्तो ना! आता नुसत्या उजव्यानं फोटोतला पारवा पाहा. कसा दिसते?"

बंडूजींनी पाहिलं. "धुकटच दिसते."

"आता पारव्याले उन्हात आना. वीस पावलं दूर उभा करा."

धीरज मागोमाग आला होता. त्यानं काही न कळून पारवा बाहेर आणून उभा केला. सरांनी बंडूजींचा उजवा डोळा आपल्या तळव्यानं झाकला. "आता डाव्यानं सांगा. कपायावरचा भोवरा दिसते का?"

बंडूजींनी मान पुढे काढून पाहिलं. मग म्हणाले, "दिसते. भोवरा दिसते. पापन्या दिसते. कानाजोळची गोचीड दिसते."

"तुमचा डोळा चांगला हाय, बंडूजी. फोटो चुकला. माह्या हातानं चुकला. लहान कॅमेरा ठेवला असता त दोघंबी आले असते, मले हाव सुटली. पारवा फोटोतच धुकट हाय. साऱ्याईले तसाच दिसते."

कमलाबाई ओसरीवरून म्हणाल्या, "मी म्हनत होती."

बंडूजींच्या चेहऱ्यावर आनंद यायला निघाला होता, तो मध्येच अडला. त्यांनी सरांचा हात डोळ्यावरून काढला.

"तुमाले हे कधी मालूम झालं, मास्तर?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच लक्षात आलं, म्हणता आलं असतं. "पयल्या दिवसापासून," सर म्हणाले. "फोटो आनला तवाच."

पारव्यानं शेपटी हलवली.

"मी चार दिवस याच्या आंगावर हात फिरवत बसलो," बंडूजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सरांना तो सोसवेना. "म्हन्लं, डोया पुरा जाईन त्याच्या आंदी हातानं तरी वळखून ठेवू. मधुकररावाईले तुमीच सांगा आता. मले नाई सांगाचं."

मग एकवीस वर्षं पोरांना प्रकाशाचे नियम शिकवणारे इखार सर ओसरीवर एका अनोळखी माणसापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "बैल विकाचे नाईत जी. माह्या फोटोमुळं यायचा गैरसमज झाला. अन् मले कळत असून मी चूप बसलो." मधुकररावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, दाव्यांची गुंडाळी काखेत मारली आणि चपला शोधायला लागले. धीरज पेढ्यांचा पुडा हातात घेऊन तसाच उभा होता. सरांना वाटलं, आता आपणही जावं. खरं म्हणजे पळावं.

बंडूजी कुणाकडे न पाहता पारव्याला गोठ्यात घेऊन गेले.

"मास्तर," कमलाबाईंनी हाक मारली. "हे चार दिवस जेवले नाई. कोरा च्या पेऊन राह्यले. तुमी जेवत होते का?"

सरांनी मान खाली घातली. "जेवत होतो, वहिनी."

कमलाबाईंनी आत जाऊन दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली: भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. "बसा इथं. त्याईनं पयला घास घेतल्याबिगर ताटाले हात लावू नोका."

सर बसले. भाकरीवरची वाफ गेली, भाजी निवली. बंडूजी अजून गोठ्यातच होते, आणि पारव्याशी मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होते.